क्रोशाच्या भरीव खेळण्यांची द्रव्ये व साधने : बिबवेवाडी (पुणे) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

पुण्यातील मध्यमवर्गीय घरांना क्रोशाकाम नवीन नाही. रुखवतात मांडलेले थाळपोस, दारावरचे तोरण, टेबलावरील जाळीदार रुमाल, दूरदर्शन संचावरील आच्छादन आणि बाळंतविड्यातील लोकरीचे टोपडे व मोजे या वस्तूंनी विसाव्या शतकातील कित्येक घरे सजली. गेल्या दोन दशकांत या कलेस निराळे वळण मिळाले आहे. ज्या सुईने पूर्वी जाळी विणली जात असे, त्याच जातीच्या सुईने आज ससे, हत्ती, अस्वले, बाहुल्या अशी लहान भरीव खेळणी विणली जातात. या प्रकारास जपानी भाषेतील 'अमिगुरुमी' हे नाव रूढ झाले आहे. 'अमि' म्हणजे विणलेले आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घातलेले खेळणे, या दोन शब्दांपासून ते बनले आहे. जपानमध्ये वाढलेला हा प्रकार इ.स. २००० नंतर जगभर पसरला आणि भारतीय शहरांतील घरांतही त्याने स्थान मिळविले.

अशा खेळण्यासाठी कोणता धागा घ्यावा, किती जाडीची सुई वापरावी, आत काय भरावे, डोळे कशाचे करावेत, हे प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतात. परंतु या निवडीत दोघांचे हित गुंतलेले असते : एक, ते खेळणे हाताळणारे व तोंडात घालणारे मूल आणि दुसरी, ते विणणारी स्त्री. मुलाच्या हिताचा विचार अलीकडे कायद्यानेही होऊ लागला आहे. विणणारीच्या वेळेचा विचार मात्र निवडीच्या हिशेबात क्वचितच होतो. या उपेक्षेची मुळे क्रोशाकाम आपल्याकडे ज्या मार्गाने आले त्या मार्गात आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उद्दिष्टे, पद्धती व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) पुण्यातील क्रोशाकामाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे, (२) जाळीकामाकडून भरीव खेळण्याकडे जाताना द्रव्ये व साधने यांच्या निवडीत झालेला पालट स्पष्ट करणे, (३) या निवडीचा बालसुरक्षा आणि स्त्रीश्रम यांच्याशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संख्यात्मक सर्वेक्षण हा या लेखाचा भाग नाही. बिबवेवाडी हा परिसर, उपनगरातील घरगुती उत्पादनाचे एक प्रातिनिधिक स्थान म्हणून निवडला आहे.

३. बिबवेवाडी : पेठेबाहेरचे घर

पुणे शहराच्या दक्षिण भागात, सातारा रस्त्याच्या पूर्वेस बिबवेवाडी वसलेली आहे. मूळचे हे शहराबाहेरील खेडे. पुणे महानगरपालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली आणि त्यानंतरच्या काळात शहर पेठांची सीमा ओलांडून चारी दिशांना वाढत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील वस्ती उद्ध्वस्त केली. त्यानंतर पर्वतीच्या बाजूला सहकारनगरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारच्या बिबवेवाडीतही पुढे गृहनिर्माण संस्था, अपर इंदिरानगरसारख्या दाट वस्त्या, कामगार विम्याचे रुग्णालय आणि १९८३ मध्ये सुरू झालेले विश्वकर्मा अभियांत्रिकी महाविद्यालय यांची भर पडली. गुलटेकडीचा मार्केट यार्ड जवळ असल्याने व्यापारी कुटुंबांचीही येथे मोठी वस्ती झाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या भूगोलाचे महत्त्व असे की, येथे घर आणि हस्तकलेच्या मालाची जुनी बाजारपेठ यांच्यात अंतर पडले. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता व रविवार पेठेतील बोहरी आळी ही धागा, मणी, लेस, गुंड्या यांची पुण्यातील परंपरागत ठिकाणे. पेठेत राहणाऱ्या स्त्रीला ती हाकेच्या अंतरावर होती. बिबवेवाडीतील स्त्रीला त्यासाठी स्वारगेटमार्गे बसचा प्रवास करावा लागतो. एका रंगाची लोकर मध्येच संपली तर पुन्हा जाणे आले, आणि पुन्हा गेल्यावर त्याच छटेची लोकर मिळेलच असे नाही. म्हणून आवश्यक माल एकाच खेपेत, एकाच रंगसंचातून घेणे हा उपनगरातील विणकामाचा पहिला व्यवहार ठरतो.

४. पुण्यातील क्रोशाकामाची पार्श्वभूमी

'क्रोशे' हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आकडी असा होतो. युरोपात हे काम एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आले. आकडीने कापडावर भरतकाम करण्याची पद्धत युरोपात पूर्वेकडून गेली आणि पुढे कापडाचा आधार सोडून हवेत विणण्याचे हे तंत्र तिच्यातून विकसित झाले, असे एक मत आहे. कच्छमधील मोची समाजाचे आरीकाम याच आकडीच्या कुळातील आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात क्रोशाची लेस हे अनेक गरीब कुटुंबांच्या निर्वाहाचे साधन बनले. याच सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांबरोबर ही कला भारतातही आली. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथील क्रोशा-लेसचा उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण होय. या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला.

महाराष्ट्रातही मिशनच्या मुलींच्या शाळा आणि छावणीच्या गावांतील कॉन्व्हेंट यांतून शिवण व विणकाम हे मुलींच्या शिक्षणाचे अंग बनले. एतद्देशीय सुधारकांनी स्थापन केलेल्या संस्थांतही हस्तकलेस जागा मिळाली. पण तेथे तिच्यामागील उद्देश एकसारखा नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. केडगाव येथील त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांना अनेक उद्योग शिकविले जात. तेथे हातातील कौशल्य हे स्वतंत्र निर्वाहाचे साधन होते. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनानेही शिवण व हस्तकलेच्या वर्गांतून स्त्रियांना स्वावलंबनाचा मार्ग दाखविला.

याउलट दुसरा एक प्रवाह होता. न्या. रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रा. गो. भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाले. तेथील अभ्यासक्रम अतिपुस्तकी व गृहजीवनास निरुपयोगी असल्याची टीका त्या काळात 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी केली. मुलींना इंग्रजीपेक्षा घरास उपयोगी पडणारी कामे शिकवावीत, अशी ही भूमिका होती. या भूमिकेत सुईकाम हे गृहिणीपदाचे भूषण ठरते, उपजीविकेचे साधन ठरत नाही.

पुढील काळात मध्यमवर्गात दुसऱ्या प्रवाहाचाच प्रभाव अधिक राहिला. रुखवतातील क्रोशाकाम हे वधूच्या अंगच्या गुणांचे प्रदर्शन होते. त्यावर किती दिवस खर्ची पडले हे कौतुकाने सांगितले जाई. त्या दिवसांचे मोल मात्र कोणी विचारीत नसे. 'फावल्या वेळातले काम' ही ओळख क्रोशाकामास येथे चिकटली, आणि आज तेच काम विक्रीसाठी होऊ लागल्यावरही ती सुटलेली नाही.

५. खेळण्यांची परंपरा : घरातील चिंधीपासून बाजारातील लोकरीपर्यंत

महाराष्ट्रातील मुलांची पारंपरिक खेळणी ही बहुतांशी कठीण द्रव्यांची होती. लाकडाची ठकी, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, तुळशीबागेतील पितळी भातुकली, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीचे मावळे ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. मऊ खेळणे म्हणजे चिंधीची बाहुली. जुन्या लुगड्याचा तुकडा, आत चिंध्या वा कापूस आणि काळ्या दोऱ्याने काढलेले नाक-डोळे एवढ्यावर ती होत असे. तिच्यासाठी काहीही विकत आणावे लागत नसे. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड मुलाच्या अंगास निर्धोक होते, आणि बाहुली फाटली तर दुसरी करणे सोपे होते.

कारखान्यात बनलेले भरीव खेळणे ही पाश्चात्त्य देशांची देणगी होय. जर्मनीतील स्टाइफ कंपनी आणि अमेरिकेतील मॉरिस मिचटम यांनी १९०२-०३ च्या सुमारास कापडी अस्वल बाजारात आणले व अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या टोपणनावावरून ते 'टेडी' म्हणून प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम केसाळ कापडाची अशी खेळणी पुण्याच्या बाजारातही सर्रास दिसू लागली.

क्रोशाचे खेळणे या दोन परंपरांच्या मध्ये उभे आहे. चिंधीच्या बाहुलीप्रमाणे ते घरात, हाताने तयार होते. परंतु त्याचे प्रत्येक द्रव्य कारखान्यातून व बाजारातून येते. जुन्या बाहुलीची द्रव्ये आई-आजीच्या ओळखीची होती, ती घरात वापरून पारखलेली होती. नव्या खेळण्याची द्रव्ये वेष्टनावरील अक्षरांवरून ओळखावी लागतात. 'निवड' हा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे निर्माण होतो.

६. जाळी आणि भरीव वीण : उद्देशातील पालट

जाळीकामाचे सौंदर्य छिद्रांत असते. थाळपोस वा रुमाल विणताना साखळ्या व उंच खांब यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून नक्षी उमटते. त्यासाठी २० ते ६० क्रमांकाचा बारीक, घट्ट पिळाचा सुती दोरा आणि साधारण ०.६ ते १.७५ मि.मी. जाडीची पोलादी सुई लागते. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हा त्यातील संकेत.

भरीव खेळण्यात छिद्र हाच दोष ठरतो. विणीत फट राहिली तर आतील भरण बाहेर डोकावते, आणि लहान मूल बोटाने ते ओढून काढते. म्हणून येथे उंच खांब वर्ज्य होतो व ठेंगणा मुका खांब प्रमुख होतो. सुई घरात घालून धागा ओढून घ्यावयाचा, सुईवर झालेले दोन्ही फेरे पुन्हा धागा घेऊन एकदम सोडवावयाचे, एवढीच त्याची कृती. इंग्रजी पुस्तकांत याच टाक्यास अमेरिकेत एक व ब्रिटनमध्ये दुसरे नाव असल्याने नवशिक्यांची फसगत होते. मराठी नाव हाताशी असलेल्या विणकर्तीने नमुना वाचताना टाक्याची कृती पाहून आधी खात्री करून घ्यावी, हे श्रेयस्कर.

विणीचा आकारही बदलतो. रुमाल सपाट असतो, खेळणे गोलाकार. सरकत्या फासात सहा टाके घालून सुरुवात होते आणि प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवीत गेल्यास ६, १२, १८, २४ असे सपाट वर्तुळ तयार होते. मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळपास सारखी असल्याने प्रत्येक फेरीगणिक परिघात सहाच्या आसपास टाक्यांची वाढ व्हावी लागते, हे यामागील भूमितीचे कारण होय. वाढ थांबविली की भिंत उभी राहते, घट केली की आकार मिटत जातो. फेऱ्या अखंड चक्राकार चालत असल्याने प्रत्येक फेरीचा पहिला टाका ओळखण्यासाठी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची वा सेफ्टी पिनेची खूण ठेवावी लागते.

७. धाग्याची निवड

मराठीत विणकामाच्या जाड धाग्यास सरसकट 'लोकर' म्हणतात. पण दुकानातील बहुतेक लोकरीचा मेंढीशी संबंध नसतो. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने १९५० मध्ये 'ऑरलॉन' या नावाने अ‍ॅक्रिलिक तंतूचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्यानंतर जपानी 'कॅशमिलॉन' भारतात इतका परिचित झाला की ते नाव एका कंपनीचे न राहता धाग्याच्या जातीचे झाले. पुढे बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कारखान्यात हा तंतू तयार होऊ लागला आणि लुधियाना हे विणकामाच्या धाग्याचे देशातील प्रमुख केंद्र बनले. पुण्यातील दुकानांत येणारा बराचसा माल तिकडचाच असतो.

खेळण्यासाठी उपलब्ध असलेल्या धाग्यांचे गुणदोष पुढीलप्रमाणे मांडता येतात.

(अ) अ‍ॅक्रिलिक : स्वस्त, हलका, अनेक रंगांत मिळणारा, धुण्यास सोपा व कसर न लागणारा. त्याला ताण असल्याने हातास त्रास कमी होतो. मात्र वापराने त्यावर गोळे येतात आणि आगीजवळ तो वितळून त्वचेस चिकटू शकतो.

(आ) सुती धागा : ताण नसल्याने वीण घट्ट व रेखीव येते, आतील भरण दिसत नाही आणि घाम व लाळ शोषली जाते. पुण्याच्या उन्हाळ्यात तो हाताळावयास सुखद असतो. परंतु तो जड व महाग पडतो आणि ताण नसल्यामुळे मनगट लवकर थकते. दाहक सोड्याच्या प्रक्रियेने चकाकी आणलेला सुती धागा अधिक मजबूत असतो. जॉन मर्सर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही प्रक्रिया शोधली.

(इ) मेंढीची लोकर : महाराष्ट्राच्या पठारावरील दख्खनी मेंढीची लोकर आखूड व राठ असते. धनगर समाजाच्या घोंगड्यांना ती योग्य असली तरी तान्ह्या मुलाच्या गालास ती टोचते. बाहेरून येणारी तलम लोकर मऊ असली तरी महाग असते. ती गरम पाण्यात आटते आणि पावसाळ्यात तिला कसर लागण्याची भीती असते.

(ई) केसाळ व चमकी धागे : दिसावयास आकर्षक, परंतु टाके मोजता येत नाहीत आणि तंतू सुटून मुलाच्या तोंडात जातात. तान्ह्या मुलांच्या खेळण्यासाठी ते टाळणेच योग्य.

वेष्टनावरील माहिती अपुरी असेल तर धाग्याचा लहान तुकडा जाळून पाहण्याची जुनी कसोटी उपयोगी पडते. सुती तुकडा कागद जळाल्यासारखा वास देऊन मऊ राख होतो. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते व आपोआप विझते. अ‍ॅक्रिलिक काळा धूर सोडून कडक काळा मणी बनतो. रंग पक्का आहे की नाही, हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या कापडावर धागा घासावा. लाल, किरमिजी व गडद निळ्या रंगांबाबत ही परीक्षा चुकवू नये.

'चार पदरी', 'दोन पदरी' अशा वर्णनाने जाडी कळत नाही, कारण पदर स्वतःच जाड वा बारीक असू शकतो. पट्टीवर एक इंचात धाग्याचे किती वेढे बसतात हे मोजणे अधिक खात्रीचे. ११ ते १४ वेढे बसणारा मध्यम धागा लहान खेळण्यांस सोयीचा असतो.

८. सुई व इतर साधने

स्वेटर वा शाल विणताना मध्यम धाग्यास साधारण ४ मि.मी. सुई वापरतात. खेळण्यासाठी त्याच धाग्यास २.५ ते ३ मि.मी. सुई घ्यावी लागते. धाग्याच्या मानाने बारीक सुई, हा या कामाचा मुख्य नियम होय. त्यामुळे वीण घट्ट बसते. पण सुई प्रत्येक टाक्यात जोराने घालावी लागते आणि त्याचा भार अंगठा, तर्जनी व मनगट यांवर येतो. अखंड अ‍ॅल्युमिनिअमची सुई स्वस्त व टिकाऊ असली तरी बारीक दांडी बोटांत रुतते. रबरी वा लाकडी मुठीची सुई किंचित महाग पडते, परंतु तासन्‌तास काम करणारीसाठी ती चैनीची वस्तू मानता येत नाही. निलगिरीतील नीडल इंडस्ट्रीजच्या 'पोनी' छापाच्या सुया भारतीय विणकर्तींच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाच्या आहेत; त्यांबरोबर आता परदेशी सुयाही सहज मिळतात. आकडीचे टोक फार अणकुचीदार असल्यास धाग्याचे पदर फाटतात, फार बोथट असल्यास ती घट्ट घरात शिरत नाही. म्हणून शक्य तेथे सुई हातात घेऊन, त्याच धाग्यावर चालवून मगच घ्यावी.

अवयव जोडण्यासाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची लोकरीची सुई, धारदार लहान कात्री, मोजपट्टी आणि टाचण्या एवढी साधने पुरेशी होतात. टाचण्या मोजून वापरणे व मोजून परत ठेवणे ही शिस्त येथे अत्यावश्यक आहे. खेळण्यात राहिलेली एक टाचणी सर्व श्रमांवर पाणी फिरवते.

९. भरण, डोळे आणि बालसुरक्षा

पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस व सावरीचा कापूस ही गाद्या-उशांची जुनी भरणे होत. खेळण्यात कापूस भरल्यास काही दिवसांनी त्याचे गठ्ठे होतात आणि धुतल्यावर पावसाळी हवेत तो आतून लवकर वाळत नाही. त्यातून कुबट वास व बुरशी येते. म्हणून 'रेक्रॉन' या व्यापारी नावाने ओळखला जाणारा पॉलिएस्टरचा पोकळ तंतू आज अधिक वापरात आहे. तो हलका व उसळी घेणारा असून लवकर वाळतो. चिंध्यांचे भरण फुकट पडते, पण घट्ट विणीवरही त्याचे उंचवटे दिसतात. खेळणे बसते राहावे म्हणून तळाशी तांदूळ वा डाळ घालण्याची युक्ती सांगितली जाते. महाराष्ट्रातील पावसाळ्यात त्यास कीड लागते, ही गोष्ट स्वयंपाकघरातील अनुभवावरूनच उघड आहे.

डोळ्यांचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. मागील बाजूने चकती बसणारे प्लॅस्टिकचे डोळे 'सेफ्टी आय' म्हणून विकले जातात. परंतु विणलेल्या कापडाचे घर ताणले जाते व चकतीसह डोळा निसटू शकतो. गुंड्या व मणी तर दोऱ्यावरच अवलंबून असतात. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यास डोळे दोऱ्याने भरणे हाच निर्धोक मार्ग होय. चिंधीच्या बाहुलीचे डोळे काढण्याची जुनी रीत या कसोटीस आजही उतरते.

भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि आयएस ९८७३ या मानकमालेनुसार सुटे लहान भाग, ज्वलनशीलता, घातक मूलद्रव्ये आदींची चाचणी आवश्यक ठरली. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी तयार केलेल्या व विकलेल्या मालास यातून सूट देण्यात आली. छोट्या कारागिरास चाचणीचा खर्च झेपणारा नसल्याने ही सूट योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ असा की, प्रयोगशाळेचे काम येथे विणणारीच्या विवेकावर सोपविले गेले आहे. बिबवेवाडीतील घरात बसून बाळंतविड्यासाठी ससा विणणारी स्त्री एकाच वेळी खरेदीदार, कारागीर व तपासनीस असते. नोंदणी न करता विक्री करणाऱ्या स्त्रियांनी आपली कायदेशीर स्थिती समजून घेणेही तितकेच गरजेचे आहे.

१०. धाग्याची जाडी आणि श्रमाचे मूल्य

क्रोशाकामाचे एक वैशिष्ट्य असे की, ते व्यापारी प्रमाणावर यंत्राने होत नाही. सळईवरील विणकामाची यंत्रे शतकानुशतके आहेत. क्रोशाची खरी वीण मात्र आजही हातानेच होते. बाजारात दिसणाऱ्या प्रत्येक क्रोशा-खेळण्यात, ते कोठेही बनलेले असो, कोणाच्या तरी हाताचे तास असतात. त्यामुळे द्रव्यनिवडीचा श्रमावर होणारा परिणाम मोजून पाहणे अगत्याचे ठरते.

समजा, एक चेंडूएवढे डोके विणावयाचे आहे. मध्यम धाग्याने सहा-सहा टाके वाढवीत ३६ टाक्यांपर्यंत गेल्यास पहिल्या सहा फेऱ्यांत १२६ टाके होतात. पुढे ३६ टाक्यांच्या सहा सरळ फेऱ्या, म्हणजे २१६ टाके. नंतर ३०, २४, १८, १२, ६ अशा घटीच्या फेऱ्यांत ९० टाके. एकूण ४३२. आता तेवढेच डोके दुप्पट जाड धाग्याने विणल्यास १८ टाक्यांचा घेर पुरतो : वाढीच्या तीन फेऱ्यांत ३६, सरळ तीन फेऱ्यांत ५४ आणि घटीत १८, म्हणजे एकूण १०८ टाके. धाग्याची जाडी निम्मी होताच टाक्यांची संख्या चौपट होते. श्रम जाडीच्या व्यस्त प्रमाणात नव्हे, तर जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतात.

ग्राहकास मात्र दोन्ही डोकी सारख्याच आकाराची दिसतात. बारीक धाग्याचे काम नाजूक आहे हे त्याला कळते, पण ते चौपट आहे हे कळत नाही. किंमत सामान्यतः खेळण्याच्या उंचीवरून व लोकरीच्या खर्चावरून ठरते. बारीक धाग्याची निवड करणारी स्त्री अशा रीतीने आपल्या वेळेतून ग्राहकास सवलत देत असते, आणि ही सवलत कोणत्याही हिशेबात नोंदली जात नाही.

नरसापूरच्या लेस-कारागीर स्त्रियांचा अभ्यास करून मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच सूत्र व्यापक प्रमाणावर दाखवून दिले आहे. जागतिक बाजारपेठेसाठी लेस विणणाऱ्या स्त्रियांना 'घरी बसलेल्या गृहिणी' मानले गेल्याने त्यांचे काम फावल्या वेळचे ठरले, मोबदला अत्यल्प राहिला आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. पुण्यातील उपनगरी स्त्रीची स्थिती आर्थिकदृष्ट्या निराळी असली, तरी तिच्या कामावरील 'फावल्या वेळचे' हे लेबल तेच आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची १९७५ मध्ये झालेली स्थापना, बचत गटांची चळवळ आणि भीमथडी जत्रेसारखी विक्रीप्रदर्शने यांनी विक्रीची सोय मोठ्या प्रमाणावर केली. किंमत ठरविताना टाके व तास मोजण्याची सवय मात्र अद्याप रुजावयाची आहे.

यावरून बारीक धागा वापरूच नये असा निष्कर्ष निघत नाही. लहान मुलाच्या हातात मावणाऱ्या खेळण्यास फार जाड धागा बेडौल दिसतो व टाक्यांमधील फटीही मोठ्या होतात. मुलाची सुरक्षितता आणि विणणारीचा वेळ या दोहोंचा मेळ मध्यम धागा, त्याच्या मानाने एक-दीड मि.मी. बारीक सुई, पॉलिएस्टर तंतूचे भरण व भरलेले डोळे या संयोगात बऱ्याच अंशी साधतो. त्याहून बारीक काम हवे असल्यास ते अवश्य करावे. परंतु त्याचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरावा.

११. निष्कर्ष

(१) पुण्यात क्रोशाकामाचे दोन वारसे दिसतात : स्त्रीच्या निर्वाहाचे साधन आणि गृहिणीपदाचे भूषण. मध्यमवर्गीय घरांत दुसरा वारसा प्रबळ ठरला व त्यामुळे या कामाचा वेळ अमूल्य म्हणून गौरविला गेला, पण बिनमोल राहिला.

(२) जाळीकामाकडून भरीव खेळण्याकडे जाताना द्रव्य-साधनांचे नियम उलटले. बारीक दोरा व मोकळी वीण यांची जागा मध्यम धागा, बारीक सुई व घट्ट वीण यांनी घेतली.

(३) चिंधीच्या बाहुलीची द्रव्ये घरातील व पारखलेली होती. नव्या खेळण्याची द्रव्ये बाजारातील असल्याने धागा, रंग, भरण व डोळे यांची परीक्षा विणणारीलाच करावी लागते.

(४) २०२० च्या आदेशातील हस्तशिल्पविषयक सवलतीमुळे ही नैतिक जबाबदारी वाढली आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी भरलेले डोळे व न सुटणारे तंतू हे किमान पथ्य मानले जावे.

(५) समान आकाराच्या खेळण्यात धागा निम्म्या जाडीचा घेतल्यास टाके चौपट होतात. महाविद्यालयांतील व बचत गटांतील हस्तकला-प्रशिक्षणात टाक्यांची मोजणी व त्यावरून किंमत ठरविण्याचे गणित यांचा समावेश व्हावा.

बिबवेवाडीतील एखाद्या घरात विणलेला ससा दुकानातल्या फळीवर ठेवला असता त्याच्या शेजारी लोकरीची किंमत लिहिता येते, भरणाची लिहिता येते. तिसरी ओळ विणणारीच्या तासांची आहे. ती लिहिली गेल्याशिवाय द्रव्यनिवडीचा हिशेब पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.